बारा हजारांचा जुना आयपॅड मुलीसाठी घ्यावा का?

पत्र:

नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते. मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेलीये, सीईटी आणि जेईई दोन्हीची तयारी चालू आहे, क्लास वाशीला. क्लासचे लेक्चर नंतर त्यांच्या ॲपवर येतात आणि ती ते माझ्या मोबाईलवर बघते. एवढ्याशा स्क्रीनवर गणितं बघून डोळे दुखतात म्हणते आणि मलाही संध्याकाळभर मोबाईल मिळत नाही. वाशीच्या एका दुकानात २०१८ चा रिफर्बिश्ड आयपॅड १२,००० ला मिळतोय, ३२ जीबी, अगदी नव्यासारखा दिसतो, वर पेन फ्री, एक महिन्याची टेस्टिंग वॉरंटी. ठाण्यात गोखले रोडला एकाकडे नवव्या जनरेशनचा ६४ जीबीचा १९,००० ला आहे, सहा महिने वॉरंटी आणि पक्कं बिल. मिस्टर म्हणतात जुनं इलेक्ट्रॉनिक घ्यायचंच नाही, पंधरापर्यंत नवीन अँड्रॉइड टॅब येतो. माझा भाऊ म्हणतो आयपॅड तो आयपॅड, जुना असला तरी. बजेट पंधरा, फार ओढाताण केली तर वीस. काय करू?
एक आई, कोपरखैरणे

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगून टाकतो. वाशीचा बारा हजारांचा घेऊ नका. ठाण्याचा एकोणीस हजारांचा घेण्यासारखा असू शकतो, पण दुकानात बसून नीट तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि तपासताना काही खटकलं किंवा दुकानदार तपासूच देत नसेल तर मिस्टरांचं ऐका आणि नवीन अँड्रॉइड घ्या. आता असं का म्हणतोय ते जरा सविस्तर सांगतो, कारण उद्या तिसरं दुकान दिसेल, चौथं दिसेल, तेव्हा तुम्हाला स्वतःलाच ठरवता आलं पाहिजे.

जुना टॅब बघायला गेलो की आपण सगळे काच बघतो, कडा बघतो, ओरखडे आहेत का बघतो. दुकानदाराला हे माहीत असतं म्हणून तो काच बदलून, पुसून, नवीन कव्हर घालून ठेवतो आणि आपण म्हणतो अरे वा, नव्यासारखाच आहे की. पण टॅब बाहेरून खराब होऊन बाद होतो ते क्वचित, बहुतेक वेळा तो बाद होतो सॉफ्टवेअर मागे पडल्यामुळे. तुमचा २०१८ चा आयपॅड म्हणजे सहावी जनरेशन. त्यातली चिप आहे ए१०, म्हणजे २०१६ च्या आयफोन ७ मधली, रॅम फक्त २ जीबी, आणि ॲपलने त्याला आयपॅडओएस, म्हणजे आयपॅडची सिस्टिम, १७ पर्यंत नेऊन तिथेच सोडलं. २०२४ मध्ये १८ आलं ते त्याला मिळालं नाही, पुढचंही मिळालं नाही. मधेमधे सिक्युरिटीचे छोटे अपडेट आले, नाही असं नाही, पण मोठी गाडी चुकली ती चुकलीच.

याने उद्या सकाळी काही बंद पडणार नाही, आणि इथेच माणूस फसतो. दुकानात यूट्यूब लावून दाखवतील, ते मस्त चालेल. क्लासचं ॲपही आज चालेल. मग एक दिवस ॲप बनवणारी कंपनी ठरवते की आता जुन्या सिस्टिमला सपोर्ट नाही, ॲप उघडलं की अपडेट करा म्हणतं, अपडेट करायला गेलं की नवीन आयपॅडओएस मागतं आणि ते तर येतच नाही. हे कधी होईल ते तुमच्या हातात नसतं, ऐन बारावीच्या प्रिलिममध्येही होऊ शकतं. मुलीला हा टॅब कमीत कमी बारावी आणि सीईटी होईपर्यंत तरी हवा, आणि खरं सांगायचं तर इंजिनिअरिंगचं पहिलं वर्षही त्याच्यावरच निघालं तर बरं.

म्हणून मी नेहमी म्हणतो की किंमत बघू नका, उरलेली वर्षं बघा आणि किमतीला वर्षांनी भागा. बारा हजारांचा तुमचा आयपॅड बिनघोर चालेल असं मला एखादंच वर्ष वाटतं, म्हणजे वर्षाला बारा हजार. ठाण्याचा नवव्या जनरेशनचा म्हणजे सप्टेंबर २०२१ मध्ये आलेला, त्यात ए१३ चिप आहे, आयफोन ११ मधली, रॅम ३ जीबी, आणि २०२५ मध्ये आलेलं आयपॅडओएस २६ (अठरानंतर ॲपलने नंबर थेट सव्वीसवर नेला) त्याच्यावर चालतं. नवीन सिस्टिम बंद झाली तरी त्यानंतर ॲप्स आणखी वर्ष-दोन वर्षं चालतात, म्हणून मी त्याला तीन वर्षं सहज धरतो. एकोणीस भागिले तीन, वर्षाला सहा-साडेसहा हजार. स्वस्त कुठला ते दिसलं ना. हा माझा अंदाज आहे, ॲपलने असं कुठे लिहून दिलेलं नाही, पण आधीच्या मॉडेलांचं जे झालं त्यावरून काढलेला आहे, २०१८ चा सतराला थांबला, २०१९ चा अठराला थांबला, २०२० आणि २०२१ चे सव्वीसपर्यंत आले.

आणि आता एक फार महत्त्वाची गोष्ट, ही नीट वाचा कारण यात सगळ्यात जास्त लोक गंडतात. सातवी, आठवी आणि नववी जनरेशन हे तिन्ही आयपॅड बाहेरून सारखेच दिसतात. तीच १०.२ इंची स्क्रीन, तेच खाली गोल होम बटण, तोच लाइटनिंगचा चार्जिंग पोर्ट. हातात घेऊन तुम्हाला काय मलाही पटकन फरक सांगता येणार नाही. पण सातवा म्हणजे २०१९ चा आणि त्यात तीच जुनी ए१० चिप आहे जी तुमच्या वाशीवाल्यात आहे! कुणी सातवा देऊन नवव्याचे पैसे घेतले तर वर्षभर कळणार पण नाही. म्हणून टॅब उलटा करा, पाठीवर अगदी खाली बारीक अक्षरात मॉडेल नंबर असतो, ए आणि पुढे चार आकडे. वायफायवाल्या नवव्याचा ए२६०२, आठव्याचा ए२२७०, सातव्याचा ए२१९७. चष्मा लावा नाहीतर मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. पाठीवर विश्वास ठेवायचा नसेल, कारण पाठ बदलता येते, तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जा, तिथे मॉडेल नंबरवर बोट टेकवलं की तोच ए वाला नंबर दिसतो. दोन्हीकडे एकच पाहिजे. आणि बोट टेकवण्याआधी तिथे जो लांबडा नंबर दिसतो त्याचं पहिलं अक्षर पण बघून घ्या, एम असेल तर तो मूळचा दुकानात नवा म्हणून विकलेला पीस, एफ असेल तर ॲपलनेच रिफर्बिश केलेला, एन असेल तर कुणाला तरी बदलून दिलेला. एफ आणि एन वाईट नसतात, उलट एफ तर चांगलाच, फक्त दुकानदार जे सांगतोय त्याच्याशी जुळतंय का ते बघायचं.

रिफर्बिश्ड म्हटलं की ॲपलने किंवा कंपनीने तपासून दिला असं पुष्कळांना वाटतं, तसं काही नाही. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत रिफर्बिश्ड म्हणजे दुकानदाराने किंवा त्याच्या सप्लायरने साफ करून, लागलं तर काच-बॅटरी बदलून दिलेला सेकंडहँड पीस. त्यात काहीच चूक नाही, फक्त तोंडावर विचारा की यात नेमकं काय बदललंय. काच बदललीये? बॅटरी बदललीये? चांगला दुकानदार सरळ सांगतो, हो काच बदलली, कॉपी आहे. जो म्हणतो काहीच नाही बदललं सगळं ओरिजिनल आहे आणि किंमत मात्र बाजारापेक्षा बरीच खाली, तिथे सावध व्हा. कॉपी काचेवर बोट नीट चालतं पण पेन बऱ्याचदा नीट चालत नाही, रेघ तुटते, वाकडी जाते, आणि तुम्हाला तर गणितं लिहायला पेन लागणारच आहे. काच बदलताना होम बटणाची वायर दुखावली तर बोटाचा ठसा कायमचा बंद होतो, कारण ते बटण आतल्या मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, दुसरं बटण लावून चालत नाही. म्हणून दुकानातच टच आयडी सेट करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता लॉक. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो.

जुन्या टॅबमध्ये दोन प्रकारचे लॉक अडकलेले असू शकतात. एक म्हणजे आधीच्या मालकाचं ॲपल अकाउंट, त्याने फाइंड माय (हरवलेला टॅब शोधायची ॲपलची सोय) बंद केलं नसेल तर टॅब रीसेट केल्यावर त्याचाच ईमेल आणि पासवर्ड मागतो. दुसरं म्हणजे कंपनीचं मॅनेजमेंट. ऑफिसं, शाळा, क्लासेस हे टॅब शेकड्याने घेतात आणि त्यात असं सॉफ्टवेअर घालतात की टॅब लांबून त्यांच्याच ताब्यात राहील, काय ॲप टाकायचं काय नाही हे ते ठरवतात. मग कंपनी बंद पडते किंवा जुना माल विकून टाकते आणि ते टॅब बाजारात येतात. काही दुकानांत त्याच्यावर जुगाड करून त्या मॅनेजमेंटचा स्क्रीन तात्पुरता उडवतात, टॅब छान चालतो, आणि तुम्ही कधीतरी रीसेट केला किंवा मोठा अपडेट टाकला की पहिल्याच स्क्रीनवर येतं रिमोट मॅनेजमेंट आणि एका कंपनीचं नाव ज्या कंपनीशी तुमचा काडीचा संबंध नाही. कळव्याच्या माझ्या ओळखीतल्या एका काकांचं हेच झालं, नातवासाठी घेतला होता, चार महिने चालला, अपडेट टाकला आणि गेला. दुकानदार म्हणाला टेस्टिंग वॉरंटी संपली. आणि बिल म्हणजे काय तर एका कागदावर टॅब एक नग, बास.

याच्यावर उपाय एकच आहे आणि तो दुकानातच करायचा. टॅब हातात घ्या आणि दुकानदाराला सांगा, मी हा तुमच्यासमोर पूर्ण रीसेट करणार. सेटिंग्ज, जनरल, खालच्या बाजूला ट्रान्सफर ऑर रीसेट, त्यात इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज. टॅब बंद होऊन पुन्हा चालू होईल, हॅलो दिसेल, भाषा विचारेल. मग वायफाय मागेल तेव्हा दुकानाचं नको, तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट द्या. इथेच कळतं सगळं. नेट मिळालं की टॅब ॲपलकडे जाऊन विचारतो मी कुणाचा, आणि त्यानंतर जर कुणाचा तरी ईमेल मागितला किंवा रिमोट मॅनेजमेंट आलं तर टॅब परत ठेवा आणि उठा, दुकानदार म्हणेल ताई पाच मिनिटं द्या आत्ता काढून देतो, नको म्हणा. काहीच न मागता पुढे गेला, मुलीच्या नावाने नवीन ॲपल अकाउंट केलं, होम स्क्रीन आला, की मग सेटिंग्ज उघडून सगळ्यात वर बघा, हा आयपॅड सुपरवाइज्ड आहे, म्हणजे एखाद्या कंपनीच्या ताब्यात आहे, असं काही लिहिलेलं नसलं पाहिजे. झालं, मोठा धोका गेला. हे सगळं व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि टॅब निदान अर्धा चार्ज असलेला बरा. जो दुकानदार हे करूच देत नाही त्याच्याकडून घेऊच नका, मग तो कितीही गोड बोलू दे.

सिमवाला टॅब दाखवला तर आणखी एक करा. त्याला आयएमईआय नंबर असतो, अबाउटमध्येच दिसतो, इंग्रजीत KYM, मग एक स्पेस आणि तो १५ आकडी नंबर असं लिहून १४४२२ ला एसएमएस करा किंवा सरकारच्या संचार साथी ॲपवर टाका, चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. पण तुम्हाला सिमवाल्याची गरज नाही असं माझं मत आहे. घरी वायफाय असेलच आणि क्लासला जाता-येता लागलं तर तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट आहे, सिमसाठी उगाच दोन-तीन हजार जास्त कशाला.

बॅटरीचं बघू. ॲपल म्हणतं आयपॅडची बॅटरी १००० पूर्ण चार्जिंगनंतरही मूळ ताकदीच्या ८० टक्के राहील अशी बनवलेली असते. पण नवव्या जनरेशनमध्ये आयफोनसारखं सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ दिसत नाही, त्यामुळे दुकानदार तोंडाने ९५ टक्के म्हणाला तर विचारा कुठे दिसतं. लॅपटॉपला जोडून एखाद्या सॉफ्टवेअरने बघता येतं, त्याच्याकडे असेल तर दाखवेल. नाहीतर साधा उपाय, ब्राइटनेस पूर्ण करून यूट्यूबवर व्हिडिओ लावून ठेवा आणि बाकीचं तपासा, वीस मिनिटांत सात-आठ टक्क्यांच्या वर उतरली तर बॅटरी थकलीये. आणि टॅब सपाट काउंटरवर स्क्रीन खाली करून ठेवा, हलका डुलला किंवा कडेने काच कुठे वर उचललेली दिसली तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. अशा टॅबला हातच लावायचा नाही, चार्जिंगला लावून मुलगी शेजारी झोपणार आहे हे लक्षात ठेवा. नंतर बॅटरी बदलून घेऊ असा विचार केला असेल तर आयपॅडची बॅटरी आत गोंदाने चिकटवलेली असते, उघडताना काच जाऊ शकते, आणि अधिकृत ठिकाणी बदलायचा खर्च जुन्या टॅबच्या किमतीच्या मानाने जड पडतो.

बाकीचं पटापट सांगतो. एखादा आयकॉन दाबून धरा, हलायला लागला की तो बोटाने स्क्रीनभर फिरवा, कुठे सुटला तर तिथे टच मेलेला आहे. पांढरं पान उघडून पिवळे डाग बघा. चार्जर लावून वायर जरा हलवून बघा, चार्जिंग तुटतंय का. पोर्टमध्ये मोबाईलचा टॉर्च मारा, आत हिरवट-पांढरट गंज दिसला तर पाणी गेलेलं आहे, आपल्याकडच्या पावसात हे अजिबात दुर्मिळ नाही. कॅमेरा, स्पीकर, माइक, हेडफोनचं भोक. नवव्या जनरेशनला हेडफोन जॅक आहे हे एक बरं, दीडशे रुपयांचे वायरचे इअरफोन चालतात, दहाव्यात तो काढून टाकला.

स्टोरेज. ३२ जीबीचं नाव काढू नका. सिस्टिमच त्यातली बरीच जागा खाते, लेक्चर डाउनलोड करून ठेवायचे म्हटलं तर महिन्याभरात जागा नाही असा मेसेज यायला लागेल, आणि आयपॅडला मेमरी कार्ड लागत नाही. ६४ मध्ये भागेल, फक्त बघून झालेले लेक्चर काढून टाकायची सवय लावायची. पुस्तकांची चिंता नको, ई-बालभारतीवर अकरावी-बारावीच्या पीडीएफ फुकट आहेत, एनसीईआरटीच्याही त्यांच्या साइटवर आहेत, आणि १०.२ इंचावर पुस्तकाचं पान न वाढवता वाचता येतं. क्लासचे ग्रुप तुमच्या व्हॉट्सॲपवर असतील ना, तर मे २०२५ पासून व्हॉट्सॲपचं आयपॅडसाठी वेगळं ॲप आलंय, तुमच्या नंबरला जोडलं की नोट्सच्या पीडीएफ सरळ टॅबवर. मात्र तुमचे सगळेच मेसेज तिथे दिसतील, ते चालणार नसेल तर तिच्या नावाने ईमेल करून पाठवत जा.

पेन. फ्री पेन म्हणजे काय देतायत ते आधी बघा. रबराचं गोल टोक असेल तर ते पेन नाहीच, बोटाऐवजी काडी आहे, हात टेकला की रेघा उमटतात आणि मुलगी दोन दिवसांत कंटाळून वहीकडे वळेल. आयपॅडला चालणारे दुसऱ्या कंपन्यांचे चार्जिंगवाले पेन साधारण दीड-दोन हजारांत मिळतात, त्यांना तळहात टेकलेला चालतो, गणितं आणि आकृत्या लिहायला तेवढं पुरतं. ॲपलची पेन्सिल हवीच असेल तर नवव्याला पहिल्या जनरेशनची चालते, पण मी आत्ता त्यात पैसे घालणार नाही. तिला चित्रकला करायची असती तर वेगळं बोललो असतो.

म्हणजे बघा, एकोणीस अधिक पेन दीड-दोन अधिक कव्हर आणि स्क्रीनगार्ड पाचशे-हजार, तुमचं वीस ओलांडतंय. त्यामुळे ठाण्याच्या दुकानात साडेसतरापर्यंत मागा, अठरापर्यंत आला तर ठीक. रोख आणि लगेच देतोय म्हटलं की थोडं हलतात, पण रोख द्यायचं म्हणून बिल सोडायचं नाही. बिलावर सिरियल नंबर, मॉडेल नंबर, वॉरंटी सहा महिने आणि त्यात काय काय येतं हे लिहून घ्या, स्क्रीन आणि बॅटरी वॉरंटीत आहे का हे खास विचारा, बऱ्याचदा नेमकं तेच बाहेर असतं. असं बिल हातात असलं की पुढे काही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि ग्राहक संरक्षण कायदा जुन्या मालाच्या दुकानदारालाही लागू आहे. कच्च्या बिलावर तुमच्या तक्रारीला काही जोर राहत नाही. ऑनलाइन बघायचं असेल तर ॲमेझॉनच्या रिन्यूड, म्हणजे रिफर्बिश्ड, मालावर निदान सहा महिन्यांची विक्रेत्याची वॉरंटी असते, तिथला भाव ठाण्याच्या दुकानात दाखवून घासाघीस करा. ओळख ना पाळख अशा माणसाकडून स्टेशनवर भेटून घेऊ नका, दोन हजार वाचतील पण मागे उभं राहणारं कुणी नसेल.

आता मिस्टरांचं. ते चुकीचं बोलत नाहीयेत. लेक्चर बघणं आणि पीडीएफ वाचणं एवढंच काम असेल तर बारा-पंधरा हजारांचा नवीन अँड्रॉइड टॅब मजेत भागवतो, पूर्ण वर्षाची कंपनीची वॉरंटी, नवीन बॅटरी, मोठी स्क्रीन, १२८ जीबी आणि बऱ्याच मॉडेलांत मेमरी कार्डही. एप्रिल २०२४ मध्ये रेडमी पॅड एसई आला तोच १२,९९९ पासून होता, त्यावरून अंदाज येईल. घेताना रॅम ६ जीबी असेल असा बघा, ४ जीबी पुढे कमी पडते, आणि अँड्रॉइडचे किती अपडेट देणार हे कंपनीने लिहिलेलं असतं ते वाचा. अडतं कुठे तर पेनवर. स्वस्तातल्या बऱ्याच टॅबना नीट पेन चालतच नाही, म्हणून घेण्याआधी त्या नेमक्या मॉडेलला कुठला पेन चालतो ते विचारा. म्हणजे निर्णय मुलीवर आहे. तिला बसवून विचारा, टॅबवर लिहिणार आहेस का वहीतच लिहिणार? वहीत म्हणाली तर नवीन अँड्रॉइड घ्या आणि उरलेले चार-पाच हजार पुस्तकांना ठेवा. मला स्वतःला तरी जेईईची गणितं वहीत केलेलीच बरी वाटतात.

मधला पर्याय म्हणून कुणी सॅमसंगचा टॅब एस६ लाइट सुचवेल, त्याच्या खोक्यात पेन येतो आणि तो पेन चार्ज करावा लागत नाही, फार छान आहे. पण या एकाच नावाने तीन वेगळे टॅब आहेत, २०२०, २०२२ आणि २०२४ चे, वायफायवाल्यांचे नंबर पी६१०, पी६१३ आणि पी६२०. २०२० चा अँड्रॉइड १३ ला थांबलाय, तो रिफर्बिश्डमध्ये भरपूर दिसतो, तो नको. आणि सॅमसंग असो की कुठलाही अँड्रॉइड, रीसेट करून बघायचं ते इथेही तसंच, आधीच्या मालकाचं गूगल अकाउंट मागितलं तर उठायचं.

भावाचं एवढं बरोबर आहे की आयपॅडला अपडेट बराच काळ मिळतात आणि म्हणून चार वर्षं जुना आयपॅडही कामाचा असतो. पण आयपॅड तो आयपॅड म्हणत २०१८ चा घेतला तर नेमका तो फायदाच हातातून जातो, कारण ती वर्षं आधीच्या मालकाने वापरून टाकलीयेत.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत तरी सांगतो. तुम्ही ओबीसी, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल आणि नॉन क्रिमिलेअर असेल तर नागपूरची महाज्योती संस्था जेईई, नीट, सीईटी करणाऱ्या अकरावीच्या मुलांना ट्रेनिंगसोबत टॅब आणि रोजचा डेटा फुकट देते, त्यांच्या साइटवर अर्ज कधी निघतोय ते आजच बघा, पैसे खर्च करायच्या आधी. दुसरं, जेईई मेन आणि सीईटी दोन्ही परीक्षा कॉम्प्युटरवर माउसने द्यायच्या असतात, टॅबवर बोटाने सराव करून ती सवय होत नाही. शेवटच्या वर्षात मॉक टेस्टसाठी कुणाचा तरी लॅपटॉप किंवा सायबर कॅफे बघून ठेवा.

ठाण्याला जायचं ठरलं तर मुलीला बरोबर घ्या, कोपरखैरण्याहून ट्रान्स हार्बरने ठाणे थेट आहे, आणि शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, गोखले रोडला गर्दीत दुकानदार अर्धा तास देणार नाही, आठवड्यातली सकाळ अकरा-बाराची वेळ चांगली. घरी आणल्यावर पहिल्याच रात्री क्लासचं ॲप टाका, एक पूर्ण लेक्चर डाउनलोड करून बघा, एक ऑनलाइन टेस्ट देऊन बघा, रात्रभर चार्जिंगला न लावता ठेवून सकाळी बॅटरी किती उतरली ते लिहून ठेवा, पाच टक्क्यांच्या आसपास ठीक, वीस उतरली तर दुसऱ्याच दिवशी दुकानात. पहिल्या आठवड्यात जी तक्रार कराल ती दुकानदार ऐकतो. आणि त्या दुकानाने नेमकं कुठलं मॉडेल दाखवलं, पाठीवरचा नंबर काय निघाला ते मला जरूर कळवा, पैसे देण्याआधी कळवलंत तर आणखी चांगलं.